नळीतला अंधार

त्या खोलीत शिरायच्या आधी गौरीने तीनदा विचारलं होतं, "मावशी, मोबाईल बाहेर ठेवलास ना?" आणि मी तीनदा हो म्हटलं होतं. ठेवलाही होता, पण तो इथलं सिमकार्ड घातलेला. भारतातला फोन, ज्याच्यावर ताईचा रोजचा फोन यायचा, तो स्वेटरच्या खिशात राहून गेला होता. खोली अगदी चिंचोळी, आपल्याकडच्या कोठीच्या खोलीएवढी. आत तांबूस उजेडाचे दोनच मिणमिणते दिवे. डोळे सरावायला दहाएक मिनिटं लागली. मग हळूहळू टेबल दिसू लागलं, भांडी घासायच्या मोरीसारखं एक सिंक दिसलं, बाटल्या दिसल्या आणि गौरीच्या हाताखालची काचेची छोटी वाटी दिसली. वाटीत चिमूटभर वाळू होती, बारीक मिठासारखी. ती बारीक कुंचल्याने कण सारखे करत होती आणि मला काहीतरी समजावून सांगत होती. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. सवयीने हात आत गेला आणि मी तो बाहेर काढला. पांढराशुभ्र उजेड टेबलभर सांडला. पडद्यावर ताईचा फोटो होता, हसरा, गेल्या दिवाळीतला.

तीन-चार सेकंद असतील. जास्त नाहीत.

गौरीने वाटीवर हात आडवा धरला, पण उशीर झाला होता. मी फोन पोटाशी दाबून धरला. पुन्हा तो तांबूस अंधार झाला आणि काही वेळ आम्हा दोघींना काहीच दिसेना. "मावशी," एवढंच ती म्हणाली. रागाने नाही. लहान मुलाच्या हातून दूध सांडल्यावर आई नुसतं नाव घेते ना, तसं. मग तिने वाटी उचलून बाजूला ठेवली, चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्यावर काही लिहिलं आणि वाटीला लावला. "जाऊ दे. नळीत अजून आहे." बाहेर आल्यावर कॉफी पिताना मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की त्या चिमूटभर वाळूमागे तिचे पंधरा दिवस गेले होते. वाळू किती वर्षं अंधारात पुरलेली होती ते मोजायचं, हेच तिचं काम, आणि एकदा उजेड लागला की ती नोंद पुसली जाते.

ती वाळू दक्षिण फ्रान्समधल्या एका गुहेतून आली होती. तिथे निअँडरथल माणसांची, म्हणजे आपल्याआधी युरोपात राहणाऱ्या आणि पुढे नामशेष झालेल्या माणसांची, दगडी हत्यारं सापडली आहेत. काम अजून छापून आलेलं नाही, म्हणून गुहेचं नाव लिहीत नाही. गुहेत खणलेल्या खड्ड्याची उभी भिंत आधी खरवडून स्वच्छ करायची, मग तिच्यात पोलादाची नळी हातोड्याने ठोकत ठोकत आत घालायची, बाहेर काढली की दोन्ही तोंडं काळ्या प्लॅस्टिकने बांधायची. टोकांच्या मातीने उजेड पाहिलेला असतो, ती वेगळी काढायची. मधली माती फक्त अंधारात उघडायची. मग तिच्यावर संस्कार सुरू. आधी हायड्रोक्लोरिक आम्ल घालून चुना काढायचा, तो फसफसतो. मग कुजलेला पाला, मुळं यांचा अंश काढायचा. चाळण्यांतून चाळायची. शेवटी हायड्रोफ्लोरिक आम्ल. त्याचं नाव काढलं तरी गौरीचा चेहरा गंभीर होतो. त्याने वाळूतलं फेल्डस्पार नावाचं खनिज विरघळतं, कणांची वरची साल निघते आणि मागे उरते ती निव्वळ गारगोटी, एक पंचमांश मिलिमीटरच्या आसपासचे कण. हे सगळं त्या तांबूस उजेडात. मी जिच्यावर ताईचा फोटो पाडला ती एवढं सोसून आलेली वाळू होती.

लहानपणी आम्ही बहिणी रात्री गोधडीत डोकं खुपसून दोन गारा एकमेकींवर घासायचो. दगडाच्या पोटात पिवळसर उजेड लुकलुकायचा आणि जळकट वास यायचा. गौरी म्हणाली, तो प्रकार वेगळा, तिथे घासण्याने उजेड पडतो. पण गारगोटीच्या पोटात उजेड असतो हे मला त्या वयापासून माहीत होतं, त्यामुळे पुढचं समजायला जड गेलं नाही. मातीत सगळीकडे युरेनियम, थोरियम, पोटॅशियम अगदी अल्प प्रमाणात असतात. त्यांचा किरणोत्सार शेजारच्या कणांवर सतत आदळत राहतो, शिवाय आकाशातून येणारे विश्वकिरण. त्या माऱ्याने गारगोटीतले इलेक्ट्रॉन जागेवरून सुटतात आणि स्फटिकात जिथे दोष असतात त्या खाचांमध्ये अडकतात. अंधारात वर्षामागून वर्ष भर पडत जाते. एकदा कडक ऊन लागलं, की मिनिटाच्या आत बहुतेक सगळे सुटतात, पाटी कोरी. म्हणून प्रयोगशाळेत अंधारात जपून आणलेल्या कणावर निळा किंवा हिरवा प्रकाश टाकतात. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुटताना कण स्वतः किंचित उजळतो. इतका किंचित, की डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला मोजावा लागतो. मग त्याच कणाला मोजूनमापून किरणोत्सार देऊन पाहायचं, की तेवढंच उजळायला किती मात्रा लागते. त्या मात्रेला वर्षाकाठी मातीतून मिळणाऱ्या मात्रेने भागलं, की वर्षं निघतात. १९८५ साली कॅनडात डेव्हिड हंटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाश टाकून वय काढायची ही रीत मांडली. त्याआधी उष्णता देऊन मोजत, ते खापरांना आणि भाजलेल्या दगडांना चालायचं.

भाजलेल्या दगडांनीही काही कमी उलथापालथ केलेली नाही. इस्रायलमधल्या केबारा गुहेतल्या निअँडरथल थरांतले चूल-शेकोटीत भाजलेले गारेचे तुकडे एलेन व्हालादास आणि मंडळींनी मोजले, ते साधारण ६० हजार वर्षांचे निघाले. पुढच्याच वर्षी, १९८८ला, तिथल्याच काफझे गुहेतले मोजले. तिथे आपल्यासारख्या माणसांचे सांगाडे होते आणि वय आलं ९२ हजारांच्या घरात. म्हणजे निअँडरथल आधी आणि त्यांच्यातून आपण नंतर, ही जी सरळ शिडी सगळ्यांच्या मनात होती ती तिथेच मोडली. कार्बनवरून वय काढायची पद्धत साधारण ५० हजार वर्षांपाशी दमते, तिला हे सांगता आलंच नसतं. मला यातली एक गोष्ट फार आवडली. गुहेतल्या मातीतून वर्षाकाठी किती मात्रा मिळते हे कळावं म्हणून माती जिथून घेतली तिथेच मोजणीच्या छोट्या कुप्या पुरून ठेवतात, बरेचदा वर्षभर. पावसाळा, उन्हाळा, ओल, सगळं त्यांच्यावरून जाऊ द्यायचं. माती ओली असेल तर पाणी किरणोत्सार शोषून घेतं आणि हिशेब बदलतो. त्यामुळे गुहेला गेल्या हजारो वर्षांत किती ओल होती, याचाही अंदाज बांधावा लागतो.

"मग मी किती पुसलं?" मी विचारलं.

"सगळं नसेल पुसलं गेलं. पण किती, ते सांगता येत नाही," गौरी म्हणाली. "आणि तेच सांगता येत नसेल, तर तो नमुना गेला."

हे वाक्य मी रात्रभर घोळवत पडले होते. दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. माझा चेहरा बघून असेल, तिने फ्रान्समधल्याच लोआर नदीकाठी लांजे नावाच्या गावी जायचं ठरवलं. तूर शहरातून छोट्या आगगाडीने थोडाच वेळ लागतो. गावात दगडी किल्ला, नदीवर झुलता पूल आणि घरं सगळी तिथल्या तुफो नावाच्या पिवळट पांढऱ्या चुनखडीची. दगड इतका मऊ, की नखाने ओरखडा उठतो. आसपासच्या कड्यांच्या पोटात लोकांनी खोल्या कोरून घरं केली आहेत, आत पडदे लावलेली, बाहेर फुलांच्या कुंड्या. लोआरचं पाणी उथळ होतं, मधे वाळूची बेटं उघडी पडलेली. याच गावात ला रोश-कोतार नावाची गुहा आहे. ती पाहायला मिळाली नाही, मिळणार नाही हे माहीतच होतं. झाडी, कडा आणि नदी बघून परत आलो. पण गौरीने चालता चालता त्या गुहेची सगळी हकिगत सांगितली आणि मला वाटतं, माझी समजूत काढायलाच सांगितली.

या गुहेचं तोंड उघडं पडलं १८४६ साली, रेल्वेच्या कामासाठी दगड काढताना. आम्ही ज्या रुळांवरून गेलो ते त्याच काळातले असतील. आत माती ठासून भरलेली होती. १९१२मध्ये जमिनीचे मालक फ्रांस्वा दाशों यांनी ती उपसली. त्यांना हाडं मिळाली, हत्यारं मिळाली. त्यांनी आपल्या परीने नोंदी केल्या. पण ती माती बाहेर आली, उन्हात पडली. तिच्यातला एकेक कण कधीपासून अंधारात आहे ते सांगू शकला असता, हे १९१२ साली कुणाला माहीत असणार? दाशोंच्या हातातल्या फावड्याचा मला राग येत नाही. त्यांच्याच उपसण्यामुळे मागची भिंत दिसली. १९७०च्या दशकात ज्याँ-क्लोद मार्के हे पुरातत्त्वज्ञ तिथे काम करू लागले, त्यांना भिंतीवरच्या मऊ पापुद्र्यावर बोटांच्या खुणा दिसल्या. मग २००८नंतर पुन्हा खणणं सुरू झालं आणि गुहेत कोनाकोपऱ्यात शिल्लक राहिलेल्या आणि गुहेबाहेर उतारावर साचलेल्या मातीच्या नळ्या भरल्या गेल्या. अशा मातीतून एकूण ५० वयं काढली. २०२३च्या जूनमध्ये ते छापून आलं. नदीच्या पुराचा गाळ आणि वरून घसरलेली माती यांनी गुहेचं तोंड पुरतं बुजलं, ते ५७ हजार वर्षांपूर्वी, तीन हजार वर्षं इकडे किंवा तिकडे. तिथपासून १८४६पर्यंत आत कुणीही गेलं नाही.

पुराचा गाळ म्हटल्यावर मी नदीकडे पाहिलं आणि मला हरिपूर आठवलं. माझं आजोळ सांगलीजवळच्या हरिपूरचं, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. तिथल्या हळदीच्या पेवांबद्दल सांगली भागात सांगावं लागत नाही. जमिनीच्या पोटात खोल खोल्याच त्या, वर माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड. हळद भरायची आणि तोंड बुजवून टाकायचं. वर्षानुवर्षं हळद आत तशीच राहायची, कीड नाही, काही नाही. पेव उघडायचा दिवस आला की आम्हा पोरांना लांब उभं करत. आधी तोंड नुसतं उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. हळदीचा कोंदट, उबदार वास तोंडातून वर यायचा आणि आजोबा त्या काळ्या भोकाकडे बघत नुसते उभे राहायचे. २००५च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं. पूर ओसरल्यावर मी गेले होते, तेव्हा आजोबा नव्हते. पेवाच्या तोंडाशी चिकट, राखाडी गाळ होता, ओल्या साबणासारखा गुळगुळीत, आणि त्या गाळालाही हळदीचा वास होता. त्या दिवशी मला फक्त नुकसान दिसलं होतं. लोआरच्या काठावर उभी राहून मी पहिल्यांदाच विचार करत होते, की तो गाळ आत जाऊन बसला तेव्हा त्याच्या कणांनीही मोजायला सुरुवात केली असेल.

गौरीने मात्र मला लगेच अडवलं. गढूळ पुरात सगळ्याच कणांना पुरेसं ऊन लागतं असं नाही, काही कण जुनी शिल्लक घेऊनच पुरले जातात. गुहेत तर आणखी घोळ. छतातून सुटून पडलेल्या कणाने कधी सूर्यच पाहिलेला नसतो, त्याचं वय मोजायला गेलात तर भलतंच येतं. प्राणी बिळं करतात, खालचे कण वर येतात. माणसं पायांनी तुडवतात. म्हणून हल्ली एकेक कण वेगळा मोजतात. नखाएवढ्या धातूच्या चकतीला दहा ओळींत दहा-दहा अशी शंभर भोकं असतात, प्रत्येक भोकात एक कण, प्रत्येकावर लेझरचा वेगळा झोत. शंभरातले बरेचसे मुकेच निघतात. जे बोलतात त्यांचं एकमत होतंय का, ते बघायचं. सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेचा कालक्रम २०१९मध्ये लागला तो अशाच १०३ वयांच्या जोरावर, आणि त्या गुहेत तर निअँडरथल आणि डेनिसोवन (त्याच गुहेवरून नाव पडलेली, तीही नामशेष झालेली माणसं) दोघांचाही वावर, थरांची नुसती गुंतागुंत. हे ऐकताना मला जनगणनेला घरोघर जाणाऱ्या बाईंची आठवण झाली. दार वाजवायचं, उत्तर मिळेल न मिळेल, पुढच्या दाराशी जायचं.

मी गौरीला एक शंका विचारली. फ्रान्समध्येच, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातल्या माँद्राँ गुहेत आपल्या जातीच्या माणसाच्या मुलाचा दुधाचा दात सापडलाय, सुमारे ५४ हजार वर्षांपूर्वीचा, हे मी वाचलं होतं. मग ५७मधून तीन गेले तर ५४च की. या खुणा आपल्याच कुणाच्या नसतील कशावरून? तिने माझ्याकडे जरा कौतुकाने पाहिलं, सांगायला हरकत नाही, मला बरं वाटलं. मग म्हणाली, ५७ ही दार लागल्याची तारीख आहे, खुणा त्याच्या आधीच्या, कदाचित बऱ्याच आधीच्या. माँद्राँ तिथून दूर दक्षिणेला, आणि लोआरच्या या भागात आपली माणसं यायला त्यानंतरही हजारो वर्षं गेली. आणि गुहेत मिळालेली हत्यारं सगळी मुस्टेरियन पद्धतीची, म्हणजे या भागात निअँडरथलांचीच. मला पटतं ते. गुन्ह्यासारखं सिद्ध करायची गोष्ट नव्हे ही. बंद दाराआड फक्त एका घराची भांडी मिळाली, तर घर त्यांचंच म्हणायचं.

त्या खुणांचे फोटो तिने मला गाडीत दाखवले. मी ते कितीतरी वेळ बघत बसले. भिंतीच्या मऊ पापुद्र्यावर बोटांनी ओढलेल्या रेघा. एके ठिकाणी त्रिकोणी जागा भरून काढलेली, एके ठिकाणी कमानीत कमानी. प्राणी नाही, माणूस नाही, ओळखू येईल असं काहीच नाही. अस्वलाच्या नखांनी किंवा पहारीने अशा रेघा उठत नाहीत, याची खात्री करायला संशोधकांनी तशाच दगडावर बोटांनी, हाडाने, लाकडाने, गारेने, धातूच्या टोकाने ओरखडे काढून ताडून पाहिलं. बोटांचीच जुळली. मी फोटो मोठा केला. चार रेघा शेजारी शेजारी, शेवटी किंचित वळलेल्या. आजी पडवी सारवायची तेव्हा अशाच कमानी उमटायच्या. शेणकाल्यात हात बुडवायचा, बसल्या जागेवरून हात जिथवर पोचेल तिथवर अर्धगोल ओढायचा, मग मागे सरकून पुढचा. वाळल्यावर उन्ह तिरपं पडलं, की चारही बोटं मोजता यायची, आणि आजीच्या हाताची कमान कुठली, आईची कुठली हे आम्हाला ओळखता यायचं. आजीची लांब, आईची आखूड. सारवण्याला अर्थ काय, असं कुणी विचारत नव्हतं. या रेघांचा अर्थ काय, तेही कुणी छातीठोक सांगत नाही आणि सांगू नये असंच मला वाटतं. कमानीवरून तो हात केवढा होता, बसून ओढली की उभं राहून, हे मात्र मी उगीच मनाशी लावत राहिले. गाडी तूरला पोचली तरी माझं चाललंच होतं.

या सगळ्यात मला टोचत राहिलं ते वेगळंच. त्या बोटांची तारीख कुणीच काढलेली नाही, काढता येतही नाही. रेघ म्हणजे तिथून काढून टाकलेला दगड, मोजायला काही शिल्लकच नाही. तारीख आहे ती दाराशी येऊन साचलेल्या वाळूची. ती माणसं आत होती तेव्हा ही वाळू बाहेर नदीकाठी उन्हात पडलेली असेल, पायाखाली आलेली असेल, आणि तेव्हा तिच्या पोटात काहीच नोंद होत नव्हती. ती माणसं निघून गेल्यावर, सूर्य दिसेनासा झाल्यावर तिने मोजायला घेतलं. त्यांच्याबद्दल आपल्याला जे ठामपणे सांगता येतं ते एवढंच, की अमुक काळाआधी ती इथे होती. मला यातून कधी समाधान वाटतं, कधी अगदी रितं वाटतं.

निघायच्या आदल्या दिवशी गौरीने मला एक छोटी काळी डबी दिली. फोटोच्या रिळाची जुनी डबी होती ती. आत त्या दिवशीची वाया गेलेली वाळू. "फेकणारच होते. तू घेऊन जा." मी ती कपड्यांत गुंडाळून आणली आणि सांगलीला कपाटात, दागिन्यांच्या कप्प्याच्या मागे ठेवली. भोवती माती नाही, त्यामुळे फार हळू, पण भिंतीतून, वरून आभाळातून थोडंथोडं मिळत असेलच तिला. चार महिने मी डबी उघडली नाही. कुणाला सांगितलंही नाही.

गणपतीत ताई आली. जेवणं झाल्यावर पान लावता लावता म्हणाली, "तू तर तिची प्रयोगशाळा बघून आलीस. पाच वर्षं झाली, ही पोरगी नेमकं काय करते तिकडे, मला धड कळलेलं नाही. विचारलं की म्हणते, आई, वाळू मोजते." मी काही वेळ बसून राहिले. मग उठले, कपाटातून डबी काढली आणि तिला खिडकीशी घेऊन गेले. दुपारचं ऊन थेट आत येत होतं. मी झाकण काढलं. ताईने तळहात पुढे केला, तीर्थ घेताना करतात तसा, आणि मी थोडी वाळू त्यावर ओतली. तिने चष्मा वर सरकवला, हात उन्हात हलवून पाहिला. कण चमकले.

"ही?" ती म्हणाली.

"हीच."

ती बराच वेळ बघत राहिली. मग दुसऱ्या हाताच्या बोटाने तिने ती हळूच पसरली, एकेक कण सुटा दिसेल अशी.